एमएस आणि व्हिटॅमिन डी: साठ हजारांच्या पुडीचा हिशोब

एमएसचं, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिसचं निदान झालं की न्यूरॉलॉजिस्टच्या चिठ्ठीवर मुख्य औषधाखाली एक ओळ बहुतेक वेळा असते: कोलेकॅल्सिफेरॉल (म्हणजे व्हिटॅमिन डी3) 60,000 युनिट, आठवड्यातून एकदा. परभणीत माझं औषधाचं दुकान आहे. पुण्या-मुंबईच्या, संभाजीनगरच्या चिठ्ठ्या माझ्या काउंटरवर येतात. वरच्या महागड्या इंजेक्शनबद्दल किंवा कॅप्सूलबद्दल नातेवाईक दहा प्रश्न विचारतात. या खालच्या ओळीबद्दल एकच: "भैया, ही ताकदीची पावडर ना?"

आणि घोटाळे होतात ते याच ओळीत. कुणी आठ आठवड्यांची पुडी वर्षानुवर्षं चालू ठेवतो, कुणी दोन पुड्यांत सोडून देतो, कुणी आठवड्याची गोळी रोज घेतो. हे औषध स्वस्त आहे आणि चिठ्ठीशिवायही मागितलं जातं, त्यामुळे त्याचा हिशोब कुणी ठेवत नाही. तो कसा ठेवायचा ते इथे क्रमाने लिहितो. डोस किती हे तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं आणि घरी काय पाहायचं, ते तुम्हाला माहीत असायला हवं.

आधी अपेक्षा नीट करून घ्या

एमएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसांवरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते. प्रतिकारशक्तीच्या पेशींवर व्हिटॅमिन डीचा परिणाम होतो, हे पक्कं आहे. 2006 साली अमेरिकी सैन्यातल्या लोकांचे साठवलेले रक्ताचे नमुने तपासले गेले. त्यातल्या गोऱ्या सैनिकांपैकी ज्यांची डीची पातळी जास्त होती, त्यांना पुढे एमएस होण्याचं प्रमाण बरंच कमी निघालं. तिथून सगळ्यांच्या आशा वाढल्या.

पण आजार होण्याचा धोका कमी असणं वेगळं आणि झालेला आजार गोळीने आवरणं वेगळं. व्हिडॅम्स नावाच्या चाचणीत (2023) एमएसचं ग्लॅटिरामर इंजेक्शन चालू असलेल्या पेशंटना रोज 5,000 युनिट विरुद्ध रोज 600 युनिट देऊन पाहिले. अटॅकच्या, म्हणजे एमएसची लक्षणं नव्याने उफाळण्याच्या, प्रमाणात फरक पडला नाही. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या प्रीव्हान्झ चाचणीत असा पहिलाच अटॅक आलेल्यांना रोज 10,000 पर्यंत डोस दिला, तरी दुसरा अटॅक टळला नाही. मग 2025 मध्ये फ्रान्समधल्या डी-ले एमएस चाचणीचा निकाल आला. आजार अगदी सुरुवातीला असलेल्या, एमएसचं दुसरं कोणतंही औषध सुरू न झालेल्या लोकांना दर दोन आठवड्यांनी 1,00,000 युनिट दिले. दोन वर्षांत आजाराची हालचाल, म्हणजे नवा अटॅक किंवा एमआरआयवर नवे डाग, डी घेणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्क्यांत आणि न घेणाऱ्यांपैकी 74 टक्क्यांत दिसली.

म्हणजे सुरुवातीच्या काळात थोडा उपयोग होत असावा, आणि मुख्य औषध चालू असेल तर वरून मोठ्या डोसने विशेष भर पडत नाही. माझं मत विचाराल तर एमएसच्या पेशंटने डी घ्यावं ते आधी हाडांसाठी. अटॅक आला की मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड शिरेतून देतात, दिवसाला एक ग्रॅमप्रमाणे तीन ते पाच दिवस. असे कोर्स पुन्हा पुन्हा झाले की हाडं ठिसूळ होतात. त्यात चालणं कमी झालेलं असतं आणि तोल जाऊन पडण्याची भीती असते. खुब्याचं हाड मोडलं तर एमएसपेक्षा तेच मोठं दुखणं होऊन बसतं. कमतरता भरून काढायला एवढं कारण पुरेसं आहे. मुख्य औषध परवडत नाही म्हणून फक्त पुडीवर भागवायचं, असं मात्र चालणार नाही. खर्चाची अडचण असेल तर ती डॉक्टरांपुढे मांडा. तुलनेने कमी खर्चाचे पर्याय असतात. एमएस हा 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत येतो, त्यामुळे प्रमाणपत्राचीही चौकशी करा.

पहिलं काम: घरातल्या सगळ्या गोळ्या टेबलावर मांडा

तपासणीच्या आधी हे करा. फक्त एमएसच्या गोळ्या पुरे नाहीत. कॅल्शियमची गोळी, मल्टिव्हिटॅमिन, गुडघेदुखीसाठी गावातल्या डॉक्टरांनी दिलेली पट्टी, केसांसाठी घेतलेली गोळी, प्रोटीन पावडर, सगळं मांडा. प्रत्येकाच्या मागचा बारीक मजकूर वाचा आणि डी किती आहे ते एका कागदावर लिहा. कुठे मायक्रोग्रॅम लिहिलेलं असेल तर त्याला 40 ने गुणा, म्हणजे युनिट मिळतील. 25 मायक्रोग्रॅम म्हणजे 1,000 युनिट.

वाचताना एका शब्दावर थांबा: कॅल्सिट्रिऑल. आपल्याकडे कॅल्शियमच्या कितीतरी गोळ्यांत साध्या डी3ऐवजी कॅल्सिट्रिऑल 0.25 मायक्रोग्रॅम असतं. आकडा नगण्य वाटतो, पण हे शरीरात थेट काम करणारं, तयार रूप आहे. त्याने रक्तातलं कॅल्शियम पटकन वाढू शकतं आणि नेहमीच्या डीच्या तपासणीत ते दिसतच नाही. अल्फाकॅल्सिडॉलचंही असंच. ही रूपं मुख्यतः किडनीच्या किंवा पॅराथायरॉइडच्या आजारात लागतात. एकीकडे साठ हजारांची पुडी, दुसरीकडे रोज कॅल्सिट्रिऑलची गोळी, आणि दोन चिठ्ठ्या दोन डॉक्टरांच्या, हे मी काउंटरवर नेहमी पाहतो. अशी जोडी दिसली तर आपणहून बंद-चालू करत बसू नका, दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा.

आणखी काही औषधांवर खूण करा. ब्लडप्रेशरसाठी हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन चालू असेल तर डीसोबत कॅल्शियम जास्त चढू शकतं. हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर वाढलेलं कॅल्शियम धोक्याचं. फिट्सवरची फेनिटोइन, कार्बामाझेपिन आणि टीबीचं रिफाम्पिसिन डीची पातळी खाली ओढतात. यातलं कार्बामाझेपिन एमएसमध्ये चेहऱ्यातल्या कळा किंवा अचानक येणारे आखडे थांबवायला बरेचदा देतात, म्हणून ते लक्षात ठेवा. मुतखडा होऊन गेला असेल, टीबी किंवा सारकॉइडोसिस असेल, किडनी अधू असेल, दिवस गेलेले असतील किंवा राहावेत अशी इच्छा असेल, तर तेही त्याच कागदावर लिहा.

रक्ततपासणी

लॅबमध्ये "व्हिटॅमिन डी" एवढंच म्हणू नका. हवी ती तपासणी 25-हायड्रॉक्सी, लॅबवाले तिला "25-ओएच" म्हणतात. "1,25" नावाची वेगळी आणि महाग तपासणी असते, ती आपल्या कामाची नाही. उपाशीपोटी जायची गरज नाही. त्याच नळीतून सीरम कॅल्शियम (रक्तातलं कॅल्शियम) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारं) करून घ्या. ही दोन स्वस्त असतात आणि नेमकी तीच करायची राहतात.

केसांच्या-नखांच्या गोळ्यांत बायोटिन असतं, आणि मध्यंतरी एमएससाठी फार मोठ्या डोसचं बायोटिन चर्चेत होतं. ते काही प्रकारच्या मशीनवर डीचा आकडा खोटा वाढवून दाखवतं. घेत असाल तर तपासणीआधी किती दिवस बंद ठेवायचं ते लॅबला किंवा डॉक्टरांना विचारा. थायरॉइडच्या रिपोर्टलाही ते असंच गंडवतं.

सोबत बी12 एकदा पाहून घ्या. शाकाहारी घरांत ते बरेचदा कमी निघतं, आणि बी12च्या कमतरतेनेही हातापायाला मुंग्या, बधिरपणा, तोल जाणं असे प्रकार होतात. नाहीतर सगळं एमएसच्या खात्यावर टाकलं जातं.

आता रिपोर्टचा आकडा. आपल्याकडे तो बहुतेक नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटरमध्ये येतो. नॅनोमोलमध्ये असेल तर 2.5 ने भागा. 20 च्या खाली कमतरता, 20 ते 30 काठावर. हाडांसाठी 20 पुरतात असं मानणारेही तज्ज्ञ आहेत. एमएसमध्ये बरेच न्यूरॉलॉजिस्ट 30 ते 50 च्या दरम्यान राहायला सांगतात, काही जण 60 पर्यंत चालू देतात. 100 च्या वर जाण्यात कसलाही फायदा नाही, आणि 150 च्या पुढे विषबाधेची भीती. परदेशातल्या वेबसाइटवर "100 ते 150 ठेवा" असं वाचलं तर आधी एकक बघा. तो नॅनोमोलचा आकडा असतो, आपल्या मापात 40 ते 60.

डोस: भरायचा किती, टिकवायचा किती

कमतरता असेल तर प्रौढांसाठी रुळलेली पद्धत अशी: 60,000 युनिट आठवड्यातून एकदा, आठ आठवडे. हा भरण्याचा टप्पा. त्यानंतर टिकवण्याचा टप्पा, रोज 1,000 ते 2,000 युनिट किंवा महिन्याला एकदा 60,000. महिन्याचे साठ हजार म्हणजे दिवसाला 2,000 पडतात. आठवड्याला साठ हजार म्हणजे दिवसाला साडेआठ हजार. आता पहिला टप्पा न थांबवता वर्षभर रेटला तर काय होईल, याचा अंदाज करा. देखरेखीशिवाय रोज घेण्याची वरची मर्यादा प्रौढांसाठी 4,000 धरतात.

माझा कल रोजच्या छोट्या गोळीकडे आहे. पातळी एकसारखी राहते आणि बाकीच्या औषधांसोबत सवयीने घेतली जाते. पण एमएसमध्ये विसरायला होणं हाही आजाराचाच भाग असू शकतो. घरात कुणी लक्ष ठेवणारं असेल तर महिन्याची पुडी सोपी. वजन बरंच जास्त असेल तर डोस वाढवून लागतो, कारण डी चरबीत मुरून बसतं.

आठवड्याच्या पुडीसाठी दिवस ठरवा. गावाच्या बाजाराचा दिवस सगळ्यात बरा, तो कुणी विसरत नाही. दुकानातून पट्टी घेतानाच पेनाने प्रत्येक कप्प्यावर तारीख घालून घ्या. माझ्याकडे आलेल्यांना मी तशी घालून देतो, शेवटच्या कप्प्यावर "बंद, महिन्याने तपासणी" असं लिहितो. एखादा आठवडा चुकला तर आठवेल तेव्हा एकच घ्यायची, दोन एकदम नाही.

इंजेक्शनबद्दल. "एकदाच सहा लाखांचं टोचून घ्या, कटकट नको" हा सल्ला आपल्याकडे सर्रास मिळतो. पोटातून शोषण होतच नसेल तर त्याला जागा आहे, बाकीच्यांनी सरळ टाळावं. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या स्त्रियांना वर्षातून एकदा पाच लाखांचा डोस तोंडावाटे देऊन पाहिला. 2010 मध्ये निकाल आला तेव्हा त्यांचं पडणं आणि हाड मोडणं कमी होण्याऐवजी वाढलेलं निघालं. तोल आधीच कच्चा असलेल्या एमएसच्या माणसाने ही जोखीम का घ्यावी? शिवाय टोचलेलं परत काढता येत नाही.

व्हॉट्सॅपवर फिरणारा दुसरा प्रकार म्हणजे "कोइंब्रा प्रोटोकॉल": रोज हजारोंनी, कधी लाखाच्या घरात युनिट, आणि दूध-दही बंद. त्याने एमएस बरा होतो याला नीट चाचणीचा आधार नाही. किडनीचं वाटोळं होऊ शकतं.

घ्यायची कशी

डी तेला-तुपात विरघळतं, म्हणून दिवसातल्या सगळ्यात भरल्या जेवणासोबत घ्या. रिकाम्या पोटी चहाबरोबर घेतलं तर कमी शोषलं जातं. पुडी असेल तर सायीच्या कपभर दुधात ढवळून, ताकात नको. ताकातलं लोणी तर आधीच काढून घेतलेलं असतं. कॅप्सूल असेल तर ज्वारीच्या भाकरीवर शेंगदाण्याची चटणी आणि तेल, किंवा वरणावर चमचाभर तूप, एवढं पुरतं. पट्टी मोटरसायकलच्या डिकीत किंवा पत्र्याच्या खोलीत खिडकीशी ठेवू नका. मेमधल्या आपल्या घरांत पत्र्याखाली काय तापमान होतं ते सांगायला नको.

आहारातून डी मिळतं ते किरकोळ. अंड्याच्या एका बलकात जेमतेम 40 युनिट. पिशवीवर "+एफ" असं निळं चिन्ह असलेल्या दुधात डी घातलेलं असतं, तरी एका पेल्यात पन्नासच्या आसपास. कॅल्शियम मात्र ताटातून भरपूर मिळू शकतं: दूध, दही, तीळ, नाचणी, राजगिरा. हे रोजच्या खाण्यात असेल तर कॅल्शियमची गोळी लागतेच असं नाही. डॉक्टरांना तेवढं विचारा.

मराठवाड्याचं ऊन आणि एमएस

"आपल्याकडे एवढं ऊन, मग डी कमी कसं?" हा प्रश्न रोजचा. कापूस वेचायला जाणाऱ्या बाईकडे पाहा: साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा शर्ट, डोक्या-तोंडाला रुमाल. स्कूटीवरची मुलगी सनकोट आणि हातमोज्यांत. ऑफिसातला माणूस काचेमागे, आणि काचेतून कामाचे किरण येत नाहीत. त्यात सावळ्या कातडीला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो.

शिवाय सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात डी जवळपास बनत नाही. त्याला लागणारे किरण सूर्य वर चढल्यावरच जमिनीपर्यंत पोहोचतात. सोपी खूण: तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा लहान हवी.

एमएसच्या माणसाची अडचण वेगळीच आहे. अंग तापलं की त्याची लक्षणं उसळतात, नजर धूसर होते, पाय जड पडतात. याला उथहॉफचा परिणाम म्हणतात, 1890 मध्ये त्या नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने तो नोंदवला. तो नवा अटॅक नसतो, अंग थंड झालं की उतरतो. पण 43 अंशांत अंगणात पाय लटपटले तर पडायला तेवढं पुरे. म्हणून "दुपारी उन्हात बसा" हा सरसकट सल्ला इथे चालत नाही.

आपल्या अक्षांशाचा फायदा मात्र घेता येतो. मे महिन्यात आपल्या भागात सावली सकाळी सव्वानवाच्या सुमारासच उंचीपेक्षा लहान होते, आणि खरी काहिली दुपारची असते. तेव्हा उन्हाळ्यात साडेनवाच्या आसपास हात-पाय उघडे ठेवून दहा-पंधरा मिनिटं, डोकं सावलीत, शेजारी ओला पंचा. डिसेंबरात उलट. तेव्हा सावली उंचीपेक्षा लहान होते ती साधारण साडेअकरा ते सव्वाएकच्या दरम्यानच, आणि ते ऊन सोसवणारं असतं. लातूर-धाराशिवकडे येळवशीला (वेळा अमावास्येला) शेतात आंबील-भज्जीची पंगत बसते तीच ही वेळ. थंडीत अर्धा तास बसायला हरकत नाही. उन्हाळ्यात जमत नसेल तर सोडून द्या, पुडी आहेच. एमएसचं फिंगोलिमॉड हे औषध चालू असणाऱ्यांनी ऊन अंगावर घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं, त्या औषधासोबत कातडीच्या कॅन्सरची काळजी घ्यावी लागते.

जास्त झालं तर ओळखायचं कसं

हा भाग घरातल्या सगळ्यांनी वाचावा. डी फार झालं की रक्तात कॅल्शियम चढतं. मग थकवा येतो, स्नायूंत जोर राहत नाही, बद्धकोष्ठ होतं, पुन्हा पुन्हा लघवीला जावं लागतं, डोकं गोंधळल्यासारखं होतं. यादी ओळखीची वाटली? यातलं जवळजवळ सगळं एमएसमध्येही होतं. त्यामुळे घरचे म्हणतात "आजार वाढला", आणि कधी कधी पुडीही वाढवतात. वेगळेपणा दाखवणाऱ्या खुणा म्हणजे न भागणारी तहान, मळमळ-उलट्या आणि अन्नावरची वासना उडणं. असं दिसलं तर पुडी आणि कॅल्शियम दोन्ही त्याच दिवशी थांबवा, आणि सीरम कॅल्शियम आणि क्रिएटिनिन लगेच करा. संभाजीनगरची घाटी, किंवा नांदेड, लातूर, अंबाजोगाईचं शासकीय रुग्णालय जवळ असेल तर तिथे जा, सोबत गोळ्यांचा तो कागद न्या. चरबीत साठलेलं डी उतरायला आठवडे, कधी महिने लागतात, तेव्हा "दोन दिवस बंद ठेवून बघू" म्हणून घरी थांबू नका.

पाण्याचंही सांगतो. लघवी आवरत नाही म्हणून एमएसचे बरेच लोक, विशेषतः बायका, बाहेर जायचं असलं की पाणीच पीत नाहीत. आपला उन्हाळा, कमी पाणी आणि वरून डी-कॅल्शियम, यातून मुतखड्याला आमंत्रण मिळतं. लघवीच्या घाईवर औषधं आहेत. तो त्रास लाजेखातर लपवून पाणी तोडू नका.

फेरतपासणी

भरण्याचा टप्पा सुरू केल्यापासून साधारण तीन महिन्यांनी 25-ओएच पुन्हा करा. त्याआधी केली तर पातळी अजून बसलेली नसते, पैसे वाया जातात. आकडा हव्या टप्प्यात आला की वर्षातून एकदा पुरे, आणि शक्यतो त्याच महिन्यात, म्हणजे पावसाळ्याची आणि उन्हाळ्याची तुलना होत नाही. आठ पुड्या नीट घेऊनही आकडा हललाच नाही तर डोस दुप्पट करण्याआधी तीन गोष्टी पाहा: जेवणासोबत घेतलं होतं का, पातळी ओढणारं औषध चालू आहे का, आणि जुनाट जुलाबासारखा शोषणाचा काही आजार आहे का.

टप्पा संपल्यावर उरलेल्या पुड्या कपाटात ठेवून सासूबाईंच्या गुडघ्यांना किंवा लेकरांच्या उंचीला वाटू नका. प्रौढांची एक पुडी लहान लेकराला फार होते. न फोडलेली पट्टी बिलासकट आणली तर बरेच दुकानदार परत घेतात. मी घेतो.